चार चाकांच्या ओढीचा इंधनखर्च

लहान पिकअप ट्रकांमध्ये टू-व्हील ड्राइव्ह गाडीपेक्षा फोर-व्हील ड्राइव्ह गाडी अधिक पेट्रोल पिते, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद पुरवावी लागते हेच त्याचे कारण आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात या दोन्ही प्रकारांच्या गाड्या एकापाठोपाठ वापरल्यानंतर आणि टाकी भरताना मैल व गॅलन यांची नोंद ठेवत गेल्यानंतर प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले की, या समजुतीचा पहिला भाग खरा असला तरी दुसरा बराचसा चुकीचा आहे.

दोन्ही गाड्या टोयोटा टाकोमाच्या 2016 साली आलेल्या पिढीतील होत्या आणि दोहोंत 3.5 लिटरचे व्ही-सिक्स इंजिन व ऑटोमॅटिक गिअर होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यांना दिलेले एकत्रित आकडे अनुक्रमे गॅलनमागे 21 आणि 20 मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे 8.9 आणि 8.5 किलोमीटर असे आहेत. हा एकत्रित आकडा शहरातील वापराला 55 टक्के आणि महामार्गावरील वापराला 45 टक्के वजन देऊन काढतात व पूर्णांकात छापतात. त्यामुळे छापील एका मैलाच्या फरकामागचा खरा फरक जवळजवळ शून्यापासून दोन मैलांपर्यंत कुठेही असू शकतो. लेखकाच्या नोंदींतून निघालेला फरकही याच पट्ट्यात राहिला.

या गाड्यांतील चारचाकी ओढ ‘पार्ट-टाइम’ स्वरूपाची असते, म्हणजे एरवी इंजिनाची ताकद केवळ मागच्या चाकांना मिळते आणि चालकाने बटण फिरवल्यावरच ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे व मागे वाटणारी गिअरपेटी, पुढचा आस जोडून घेते. तो जोडलेला नसताना पुढची चाके निष्कारण जड यंत्रणा फिरवत राहू नयेत याची काळजी फार पूर्वीपासून घेतली गेली आहे. युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या जीप गाड्यांसाठी हाताने सोडता-जोडता येणारे लॉकिंग हब बनवूनच अमेरिकेतील वॉर्न कंपनीने 1948 साली आपला व्यवसाय सुरू केला. टाकोमात हेच काम पुढच्या डिफरन्शियलमधील स्वयंचलित जोडणी करते. ती सुटली की चाकांकडे जाणारे छोटे शाफ्ट फिरत राहतात, पण ट्रान्सफर केसकडून येणारा लांब शाफ्ट थांबतो. नेहमीच्या प्रवासात यामुळे होणारे घर्षण अगदी किरकोळ असते.

राहिला वजनाचा मुद्दा. पुढच्या यंत्रणेमुळे गाडी साधारण शंभर किलोने जड होते. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे आणि तेथून पश्चिमेला जाणारा आय-70 महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटरवर पोहोचतो. हे शंभर किलो 1,800 मीटर वर चढवायला लागणारी ऊर्जा पावणेदोन मेगाज्यूल भरते, आणि इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा एक चतुर्थांश भाग उपयोगात आणते असे धरले तर त्यासाठी पाव लिटरहूनही कमी इंधन पुरते, तर त्या संपूर्ण चढाला दहा-बारा लिटर लागतात. डोंगरात फोर-व्हील ड्राइव्हचे वजन फार महागात पडते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

खरे अंतर पडते ते गाडीची उंची, टायरांचा आकार आणि आसाचे गिअर गुणोत्तर यांमुळे. टाकोमाच्या आधीच्या पिढीत चार सिलिंडरांची, मॅन्युअल गिअरची, जमिनीलगत बसलेली साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी मिळत असे. 2012 साली तिचा शहरातील आकडा 21 मैल होता, तर त्याच इंजिनाच्या उंच फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा 18. पुढच्या पिढीत टू-व्हील ड्राइव्ह गाडीही तितकीच उंच झाली आणि फरक मैलाभरावर आला. म्हणजे फरक आटला तो चारचाकी ओढीची गाडी फार काटकसरी झाली म्हणून नव्हे, तर दोनचाकी ओढीची गाडीही तिच्यासारखीच उधळी झाली म्हणून. अमेरिकी सरकारने 1979 च्या मॉडेलांसाठी हलक्या ट्रकांची सरासरी ठरवताना दोन्ही प्रकारांना वेगळी मर्यादा दिली होती, टू-व्हील ड्राइव्हला गॅलनमागे 17.2 आणि फोर-व्हील ड्राइव्हला 15.8 मैल, आज त्या वेगळेपणाला फारसा आधार उरलेला नाही.

नोंदी चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की या मैलाभराच्या फरकाला ऋतू आणि वेग सहज गिळून टाकतात. हिवाळ्यात गिअर तेल घट्ट होते, इंजिन तापायला वेळ लागतो आणि हिवाळी पेट्रोलमध्ये ऊर्जाही किंचित कमी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 75 मैलांवरून 65 मैलांवर आल्यास तो चतुर्थांशाने उतरतो. चारचाकी ओढ कोरड्या रस्त्यावर लावून ठेवल्यास मात्र प्रकरण वेगळे होते, कारण वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात, पार्ट-टाइम यंत्रणा त्यांना एकाच गतीने फिरायला भाग पाडते, आणि टायर घासून तो ताण सुटतो. इंधनापेक्षा यंत्रणेचेच नुकसान त्यात अधिक.

वर्षाला 12,000 मैल धावणाऱ्या गाडीला 21 ऐवजी 20 चा आकडा पडला तर सुमारे 29 गॅलन जास्त लागतात, आणि साडेतीन डॉलर दराने त्याचे शंभरेक डॉलर होतात. नवी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेताना मोजावे लागणारे तीनेक हजार डॉलर यापुढे फारच मोठे आहेत. लेखकाने ते मोजले ते आय-70 वरील हिवाळी नियमांमुळे. त्यांच्या कडक टप्प्यात टू-व्हील ड्राइव्ह गाडीला चाकांवर साखळ्या चढवाव्या लागतात, तर टायरची नक्षी पुरेशी खोल असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला त्यातून सूट मिळते.