रंगाआधी पान

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश काचेच्या किटलीत मुरत असताना तिसऱ्या मिनिटालाही पाणी फिकट सोनेरीच दिसतं. माझ्याकडे पानांचा चहा करायला शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण नेमका याच क्षणी विचारतो, “अजून रंग कुठे आलाय? थोडं थांबू या का?” प्रश्न अगदी रास्त आहे. आपला रोजचा चहा पातेल्यात होतो. त्यात आलं ठेचून पडतं, गवती चहाची पात पडते, दूध पडतं, आणि गॅस बंद करायचा तो रंग बघूनच. लहानपणापासून डोळ्यांना हेच वळण लागलेलं असतं. शिवाय त्या पातेल्यातली पूड सीटीसीची असते. दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून केलेले ते बारीक दाणे पाण्यात पडले की क्षणात रंग सोडतात. तिथे रंग आला म्हणजे चहा झाला, हे गणित बरोबरच आहे.

अख्ख्या पानाला ते लागू पडत नाही. फर्स्ट फ्लश म्हणजे हिवाळ्याच्या विश्रांतीनंतर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत येणारी पहिली कोवळी खुडणी. ही पानं कारखान्यात सुकवताना त्यांच्यातलं पाणी इतकं घालवतात की पुढचं ऑक्सिडेशन अर्धवटच राहतं. म्हणून बाजारात ‘काळा चहा’ म्हणून विकला जात असूनही हा चहा हातात घेतला की हिरवट दिसतो आणि पाण्यात सोनेरी उतरतो. गडद रंगाची वाट बघत तो सहा-सात मिनिटं ठेवला, तर रंग जेमतेम बदलतो आणि तुरटपणा मात्र जिभेला चिकटून बसतो. सुगंध आणि गोडसरपणा आधी उतरतात, तुरटपणा मागून येतो आणि येतच राहतो. एवढा महागाचा, एवढ्या कष्टाने खुडलेला चहा रंगाच्या हट्टापायी कडू झालेला बघणं मला खरोखर सहन होत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: किटली काचेची आहे ना, मग रंग नंतर बघा, आधी पान बघा.

पानाकडे बघायला शिकणं अवघड नाही, सवय लागते एवढंच. गरम पाणी पडलं की बरीचशी पानं वर येतात, कारण त्यांच्या वळ्यांमध्ये हवा अडकलेली असते. कडांना बारीक बुडबुडे धरलेले दिसतात. मग एकेक पान जड होतं आणि खाली उतरू लागतं. सगळी एकदम नाही. जाड देठाची आधी, टोकाच्या कळ्या बऱ्याच उशिरा. काही पानं अर्ध्यावर अडतात, परत वर जातात. या वेळात वळलेलं पान उलगडत असतं. आधी काडीसारखं दिसणारं काहीतरी हळूहळू पान म्हणून ओळखू येतं: मधली शीर, करवती कड, कधी दोन पानं आणि मधली कळी एकाच देठावर. मी थांबते ती या खुणेवर. बहुतेक पानं तळाशी बसली आहेत, वळ्या सुटल्या आहेत, पण पान अजून पूर्ण सपाट होऊन गळाठलेलं नाही, अशी ती अवस्था. भिजवलेले पोहे बोटांना जसे ‘झाले’ म्हणून कळतात, तसं हे डोळ्यांना कळू लागतं. दोनशे मिलिलिटर पाण्याला दोन ते अडीच ग्रॅम पानं आणि नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी घेतलं तर हे सगळं साधारण तीन मिनिटांत घडतं. पान अखंड आणि मोठं असेल तर थोडं जास्त, तुटकं असेल तर कमी. प्रत्येक पुड्यातली पानं वेगळी असतात, म्हणून मिनिटांचा आकडा मी फक्त सुरुवातीला देते.

रंगावर विश्वास न ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. काचेच्या किटलीत आपण चहाच्या आरपार बघतो. रुंद पोटाच्या किटलीत प्रकाशाला दहा सेंटिमीटर चहातून यावं लागतं, उथळ कपात फार तर चार. तोच चहा किटलीत मधासारखा गडद आणि कपात फिका दिसतो. मागे खिडकी आहे की लाकडी कपाट, यानेही फरक पडतो. व्यावसायिक चहा-चाखणारे काचेच्या भांड्याच्या वाटेला जात नाहीत, ते यामुळेच. चाखण्यासाठी चहा कसा तयार करावा याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३१०३, १९८० साली आलं. त्यात भांडं सांगितलं आहे ते पांढऱ्या चिनीमातीचं किंवा झिलई केलेल्या मातीचं. प्रमाण शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम, वेळ सहा मिनिटं. चहा मुद्दाम जहाल केला जातो, म्हणजे त्यातला दोष लपत नाही. पिण्यासाठी ती कृती नव्हेच. पण रंग बघायचा तर पांढऱ्यावर बघावा, हा त्यांचा धडा मी घरीही पाळते. किटली काचेची, कप आतून पांढरे. पान किटलीत दिसतं, रंग कपात.

आता किटली निवडण्याबद्दल. सगळ्यात आधी काच. साधी काच गरम झाल्यावर जेवढी प्रसरण पावते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच बोरोसिलिकेट काच पावते. उकळतं पाणी ओतलं की आतला पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो आणि बाहेरचा गार असतो. साधी काच या ओढाताणीत तडकते. बोरोसिलिकेट काच जर्मनीतल्या येना गावची. तिथे १८८४ साली ऑटो शॉट यांनी अर्न्स्ट आबे आणि झाइस पितापुत्रांबरोबर काचेची प्रयोगशाळा उभी केली. तिथली बोरॉन मिसळलेली काच आधी तापमापकांना आणि गॅसदिव्यांना कामी आली, स्वयंपाकघरात ती पुढे शिरली. आपण तिला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांमुळे ओळखतो. दुकानात ती हाताला हलकी लागते आणि कड आडवी धरून पाहिली तर साध्या काचेसारखी हिरवी झाक फारशी दिसत नाही. घरी करून बघण्यासारखी एक फार सुंदर परीक्षा आहे. किटलीसोबत काचेची गाळणी किंवा काचेचं झाकण असेल तर ते स्वच्छ वाटीत ठेवून वर खायचं तेल ओता. तेलातून आणि बोरोसिलिकेटमधून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, त्यामुळे काच तेलात दिसेनाशी होते. साध्या काचेची कड दिसत राहते.

जाड काच म्हणजे मजबूत काच, हा समज मात्र सोडावा. जाडीमुळे आतल्या आणि बाहेरच्या थरातला तापमानाचा फरक वाढतो. तळ जाड आणि भिंती पातळ अशी किटली मी घेत नाही. तडा जातो तो बहुधा तळ आणि भिंत जुळते त्या वळणावर. कान जिथे जोडलेला असतो तिथेही नीट बघावं. बुडबुडे किंवा बारीक रेघा असतील तर ती किटली परत फडताळात. आणि घरी आणल्यावर गरम किटली ओल्या ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या ओट्यावर ठेवू नका. दगड पटकन उष्णता ओढून घेतो, त्यात पाणी असलं तर आणखीच. खाली एक जाडसर कापड पुरतं.

तोटीबद्दल मी फार काटेकोर आहे. तोटीचं टोक किटलीच्या कडेपेक्षा खाली असेल तर किटली पूर्ण भरण्याआधीच चहा बाहेर येतो. टोकाची कड गोल आणि जाड असेल तर ओतणं थांबवल्यावर चहा तोटीच्या पोटावरून खाली ओघळतो. ती धारदार कापलेली आणि किंचित खाली वळलेली असावी. दुकानदाराकडे पाणी मागून ओतून बघायला संकोच करू नका. त्याच वेळी किटली जवळजवळ पालथी करा. झाकण निसटता कामा नये, आणि झाकणाला हवेचं छिद्र नसेल तर धार गचके खात येते. बांबूचं झाकण दिसायला छान असतं, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. काचेचं घ्या.

गाळणीवरून चहाप्रेमींत मतभेद आहेत आणि माझं मत ठाम आहे. हल्ली बहुतेक काचेच्या किटल्यांत मधोमध स्टीलच्या जाळीची नळी लोंबत असते. पानं त्या अरुंद नळीत कोंबली जातात, त्यांना उलगडायला जागा मिळत नाही आणि ती दिसतही नाहीत. मग काच घेतली कशाला? मधली गाळणी हवीच असेल तर ती रुंद, जवळजवळ तळापर्यंत जाणारी आणि काचेचीच असावी. बाउहाउस या कलाशाळेत शिकलेल्या विल्हेल्म वागेनफेल्ड यांनी १९३१ साली येनाच्या शॉट कारखान्यासाठी केलेल्या किटलीत तशीच आहे. बसकं रुंद पोट, पातळ काच, आत काचेचीच गाळणी, आणि नक्षीचा मागमूस नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात ती आहे. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही तिच्यात सुधारण्यासारखं मला काही सापडत नाही.

मी स्वतः वापरते ती मधली गाळणी नसलेली, तोटीच्या मुळाशी काचेचे दात असलेली किटली. पानं मोकळी फिरतात. अट एकच: चहा झाला की सगळा ओतायचा, तळाशी थेंब ठेवायचा नाही, नाहीतर उरलेला चहा पानांत मुरतच राहतो. म्हणून किटली आपल्या कपांएवढीच हवी. दोघांसाठी साडेतीनशे मिलिलिटर भरपूर झाली. पाहुणे येतील म्हणून लिटरभराची किटली घेणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करते. पाहुणे आले तर दोनदा करा, ताजा मिळेल.

पाण्याचं बघू. उकळतं पाणी या कोवळ्या पानांना जास्त होतं. पुण्यात पाणी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं, महाबळेश्वरला पंचाण्णवच्या आसपास. दार्जिलिंग शहर दोन हजार मीटरहून उंच असल्यामुळे तिथे ते त्र्याण्णवलाच उकळतं, म्हणजे तिथल्या माणसाला पाणी निववायची फारशी गरजच पडत नाही. आपण ते निववायचं. उकळलेलं पाणी आधी रिकाम्या किटलीत ओता, मग कपांत, मग पानं घातलेल्या किटलीत. प्रत्येक ओतण्याला काही अंश कमी होतात, आणि भांडीही गरम होतात. पातळ काच उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून पानं घातलेल्या गार किटलीत एकदम पाणी ओतलेलं चहाला बरं नव्हे.

बोअरवेलचं पाणी असेल तर काच ते लगेच सांगते. चहा झाल्यावर पृष्ठभागावर चकचकीत साय दिसते, ओतताना ती फुटते आणि काचेला चिकटते. पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आणि चहातली पॉलिफेनॉल यांची ती साय असते. चव त्याने बोथट होते. फिल्टरचं पाणी किंवा नळाचं गोडं पाणी घ्या, तोच चहा बदललेला जाणवेल.

काचेतून आणखी एक गोष्ट दिसते, तिचा चवीशी संबंध नाही, पण मी ती दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाही. चमच्याने पाणी गोल फिरवून चमचा काढा. पानं बाहेर फेकली जातील असं वाटतं, पण ती तळाशी मधोमध गोळा होतात. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू फिरतं, त्यामुळे तिथे प्रवाह आतल्या बाजूला वळतो. आइनस्टाइन यांनी १९२६ साली हे उलगडून सांगितलं, ते नद्या वळणं का घेतात हे समजावताना.

सगळ्या चहांना काच लागत नाही. घट्ट गोळीसारख्या वळलेल्या ऊलाँगला उष्णता धरणारी मातीची किटली बरी. चीनमधल्या हांगचौला लोंगचिंगची चपटी पानं लोक साध्या उभ्या ग्लासात घालून पितात, आणि हुनानमधल्या जुनशानच्या कळ्या तर पाण्यात उभ्या राहतात, खालीवर होतात. त्यांच्यासाठी काच हवीच. दोऱ्याने बांधलेले, पाण्यात उमलणारे फुलांचे गोळे मी विकत नाही. ते बघायला असतात, प्यायला नाही. गार चहा करायचा तर निलगिरीचा घ्या. तो थंड झाल्यावर फारसा गढूळ होत नाही, काचेत फार देखणा दिसतो.

किटली घासायला तारेचा घासा अजिबात नको, ओरखडा पडला की काच तिथेच कमजोर होते. पिवळट डाग पडले तर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तासभर ठेवा. साबणापेक्षा हे चांगलं.

आणि पहिला चहा ओतल्यावर पानं फेकू नका. झाकण काढून ठेवा, म्हणजे वाफ कोंडून ती शिजणार नाहीत. दुसऱ्यांदा पाणी आधीपेक्षा थोडं गरम घ्या आणि चार-पाच मिनिटं द्या. आता पानं तरंगणार नाहीत, उलगडून झालेली असतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. दुसऱ्या खेपेला मी घड्याळच लावते, आणि मिनिटभर आधी चमचाभर चाखून बघते.