काचेवरचे ओरखडे

बंद वस्तू दिसली की ती उघडून आत काय आहे ते पाहावे, ही इच्छा माणसाला लहानपणीच होते. मोठेपणी तो फक्त तिचे नाव बदलतो. मुलाने केली तर मोडतोड, मोठ्याने केली तर दुरुस्ती! आमच्या घराण्यात ही खोड पिढीजात आहे. वडिलांनी रेडिओ उघडला, मी गजराचे घड्याळ उघडले. अपवाद एकटा दादाचा. माझा हा थोरला भाऊ हिशेबी माणूस. चालत्या वस्तूला हात लावू नये, असे त्याचे ठाम मत होते. आणि योग पाहा, या वर्षी मी उघडली ती त्याचीच वस्तू.

ती वस्तू म्हणजे ‘पाम फाईव्ह’ नावाचा, तळहातावर मावणारा संगणक. हा १९९९ साली अमेरिकेत बाजारात आला आणि पुढच्या वर्षी दादाच्या मेहुण्याने तिकडून येताना तो त्याच्यासाठी आणला. चंदेरी अंगाचा, सडपातळ, वजनाने जेमतेम ११५ ग्रॅम. याच्यावरून फोन करता येत नसे की फोटो काढता येत नसे. पत्ते, तारखा, टिपणे आणि आकडेमोड एवढाच त्याचा संसार.

या जातीच्या यंत्रांचा जन्म मोठा गमतीचा आहे. जेफ हॉकिन्स या अमेरिकन तंत्रज्ञाने यंत्र तयार होण्याआधी एक लाकडी ठोकळा घडवला. तो सदऱ्याच्या खिशात घालून तो हिंडायचा आणि कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढून त्यावर खोटेखोटे लिहायचा. मुले भातुकलीत चहा पितात, तसे! खिशात काय सुखाने राहते याची अशी परीक्षा झाल्यावर १९९६ साली पहिला ‘पायलट’ विक्रीला आला. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या संगणकांच्या संग्रहालयात आहे.

आमच्या दादाची परीक्षा याहून कडक. राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटीत. संध्याकाळी ठाण्याला कल्याण लोकल पकडणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही, हे या बाजूच्या वाचकांना मी सांगायला नको. दादा पार्टिशनला पाठ टेकून उभा राही आणि कळवा, मुंब्रा, दिवा मागे पडत असताना बारीक काडीने त्या यंत्रावर काहीबाही लिहीत असे. यंत्राची अक्षरे मात्र त्याची स्वतःची होती. ‘ग्रॅफिटी’ नावाच्या त्या लिपीत बहुतेक अक्षरे काडी न उचलता काढायची. इंग्रजी ‘ए’ म्हणजे उलटा ‘व्ही’, मधली आडवी दांडी गायब. ही सवय दादाला इतकी जडली, की किराण्याच्या यादीतल्या ‘ए’चीही दांडी गळाली! यंत्र माणसाकडून शिकते म्हणतात. इथे माणसालाच यंत्राने गिरवायला बसवले होते.

दादाला जाऊन आता पाच वर्षे झाली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणातून हे यंत्र निघाले. वहिनींनी ते पदराने पुसून माझ्या हातात दिले.

“भावजी, यात ह्यांचं काही लिहिलेलं राहिलं असेल का हो?”

पुतण्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले. “काका, उघडायला स्क्रू कुठे दिसत नाही. चिकटवलंय सगळं.” मग आतला सेल फुगलेला नाही ना, याची खात्री करून त्याने कडेकडेने बेताची ऊब दिली, प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली, आणि पाठीचे झाकण हलकेच सुटले.

आतला पसारा पाहून मी थक्क झालो, तो त्याच्या लहानपणामुळे. बिस्किटासारखा चपटा लिथियमचा सेल; एक हिरवी पाटी आणि तिच्यावर मोटोरोलाचा ‘ड्रॅगनबॉल’ हा मुख्य चिप. नाव राक्षसाचे, आकार नखाएवढा. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके ही त्याची चाल. शेजारी वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक. मनगटी घड्याळातला त्याचा भाऊ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तसाच हाही. पडद्यावर १६० ओळी आणि प्रत्येक ओळीत १६० ठिपके.

“आणि आठवण कुठे असते?” मी विचारले.

पुतण्याने एका काळ्या चिपवर बोट ठेवले. यंत्राचे मूळ कार्यक्रम एका कायमच्या चिपमध्ये असतात. पण माणसाने लिहिलेले सारे असते ते या दोन मेगाबाइटच्या दुसऱ्या चिपमध्ये. तिला अखंड वीज लागते. वीज आहे तोवर आठवण. सेल पुरता उतरला, की पाटी कोरी. दर काही दिवसांनी ते घरच्या संगणकाला जोडून नक्कल ठेवायची, अशी त्या यंत्रांची रीतच होती; आणि घरचा तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता.

हे वहिनींना सांगायचे कसे, या विचारात मी पडलो. पण त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते.

पुतण्या काचेचा भाग उजेडात धरून पाहत होता. पडद्यावर एक मऊ, पारदर्शक पापुद्रा असतो. काडीने दाबले की तो खालच्या थराला टेकतो आणि कुठे टेकला हे यंत्र विजेच्या दाबावरून ओळखते. लिहायची चौकट तळाशी. तिचे दोन भाग : डावीकडे अक्षरे लिहायची, उजवीकडे आकडे.

“काका, हे पाहा,” तो म्हणाला.

चौकटीवर काडीच्या हजारो ओरखड्यांची जाळी होती. त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. एकावर एक इतकी गिरवली गेली होती. पण उजवी बाजू बरीच स्वच्छ होती. घासून धुरकट झाली होती ती डावी. मी ते वहिनींना समजावून सांगितले. त्यांनी काच हातात घेतली, खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ ती तिरपी धरून पाहत राहिल्या.

“मला वाटायचं, गाडीत उभं राहून हे नुसते हिशेब मांडतात,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पुतण्याने सेल बाहेर काढून ठेवला, ई-कचऱ्यात द्यायला. बाकीचे यंत्र त्याने पुन्हा जुळवले. वहिनींनी ते खणात न ठेवता काचेच्या कपाटात, सहज हाताशी येईल असे ठेवले. भाऊबीजेला त्यांची बहीण आली, तेव्हा त्यांनी ते काढून तिला दाखवले. सेकंदाच्या ठोक्यांची किंवा स्फटिकाची गोष्ट काही त्यांनी सांगितली नाही.

“ही बघ, ही अक्षरांची बाजू,” एवढेच म्हणाल्या.