वर बघ

ठसका लागलेल्या माणसाला आपण वर का बघायला लावतो? परवा मिसळीच्या दुकानात समोरच्या बाकावरच्या एका पोराला तर्रीचा ठसका लागला, आणि आजूबाजूच्यांनी एका सुरात सांगितलं, "वर बघ, वर बघ!" त्यात वेटरही होता. पोरगं बिचारं वर बघायला लागलं. वर काजळी धरलेला पंखा. कोणी पाठीत थोपटलं, कोणी ग्लास पुढे सरकवला, कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "कोणीतरी आठवण काढली." ठसका त्याला थांबायचं तेव्हाच थांबला. मग सगळे आपापल्या पावाकडे वळले, आपणच त्याला वाचवलं अशा चेहऱ्यानं.

ठसका लागतो तो घशातल्या रस्त्यांमुळे. हवा नाकातून, म्हणजे मागच्या बाजूनं घशात येते आणि पुढच्या नळीत जाते. घास तोंडातून, म्हणजे पुढून येतो आणि त्याला मागच्या नळीत जायचं असतं. दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात. इतक्या नाजूक जागी असलं रेल्वे फाटक कोणी का ठेवावं, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. १८५९च्या त्याच्या त्या प्रसिद्ध पुस्तकात, आपण गिळलेला प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून धोका पत्करून जातो, याचं त्यानं नवल केलंय. मला त्या जाड ग्रंथातली हीच नोंद सगळ्यात जवळची वाटते.

फाटक बंद होताना बघायचं असेल तर पाणी पिणाऱ्याचा कंठमणी बघावा. माझे अण्णा, म्हणजे थोरले काका, तांब्या कधी ओठाला लावत नसत. मान मागे, तोंड उघडं, वरून अखंड धार. शेतातून आले की अंगणातच उभे राहून प्यायचे. आम्ही पोरं खाली ओळीनं बसून त्यांचा गळा बघायचो. कंठमणी टुणकन वर, जरा थांबला, खाली. पुन्हा वर. तो वर जातो तेव्हा अख्खं स्वरयंत्र उचललं जाऊन जिभेच्या मुळाखाली दडतं, स्वरतंतू मिटतात, कूर्चेचं एक पान मागे कलून झाकण घालतं, आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. हे तेव्हा कोणाला ठाऊक! आम्हाला फक्त एवढंच दिसायचं की अण्णांचा तांब्या रिकामा होतो आणि सदऱ्यावर थेंब पडत नाही. नक्कल करताना आमच्या नाकातून पाणी यायचं. काकू स्वयंपाकघरातून ओरडायची, "मेल्यांनो, भांड्यानं प्या!"

पुढे अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका. शिरा जायचा, मऊ भात जायचा, पाणी जात नव्हतं. आम्हाला हे उलटं वाटलं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की गिळणंही त्याच शिकवतात, आणि पाणीच सगळ्यात अवघड, कारण ते फार पटकन धावतं. फाटक पडायच्या आत रूळ ओलांडून मोकळं. म्हणून पाण्यात एक पावडर कालवून ते दाट करायचं, चमच्यानं द्यायचं, आणि गिळताना अण्णांनी हनुवटी छातीकडे आणायची.

ज्या माणसानं जन्मभर आभाळाकडे तोंड करून पाणी प्यालं, त्याला काकू दर घोटाला म्हणायची, "अहो, मान खाली." अण्णा तिच्याकडे असे बघायचे की चमचा धरलेला तिचा हात थरथरायचा. ते पावडरचं पाणी त्यांना मुळीच आवडेना. काकूनं मग बाईंना विचारून नाचणीचं सत्त्व सुरू केलं, बेसन जरा सढळ लावलेली कढी सुरू केली. कढी बरी जायची. पण कढी झाली तरी अण्णांची नजर माठाकडेच. "पाणी दे," म्हणायचे, "नुसतं." बाईंनी निघताना दारात काकूला हळूच सांगितलं होतं की यांना ठसका लागतो हे त्यातल्या त्यात बरं आहे. काहींना तोही लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया झाल्यावरच कळतं. तेव्हापासून काकू अण्णांच्या ठसक्याला घाबरेनाशी झाली. आम्ही पाठ थोपटायला धावलो की ती आम्हालाच अडवायची. "आवाज येतोय ना? मग खोकू द्या त्यांना."

ठसका लागू नये म्हणून जेवताना बोलू नये, हे मलाही पटतं. पण पंगतीत श्लोक म्हणायला लावणारेही आपणच, आणि घास तोंडात असताना "कसा झालाय मठ्ठा?" विचारणारेही आपणच. भुरका तर सरळसरळ श्वास आत ओढतच मारायचा असतो. बशीतला चहा, केळीच्या पानावर पसरत चाललेली आमटी, तीही हवेसकट. हवा ओढायची, थांबायचं, गिळायचं, आणि यातलं काहीही विचार करून करायचं नाही. मी भुरक्याच्या बाजूचा आहे. चमच्यानं आवाज न करता कढी पिणाऱ्यांना कढी कळत नाही, असं माझं मत आहे. त्यांना ठसका कमी लागत असेल, लागो.

काही न खातापिता लागणारा ठसका मात्र फोडणीचा. तेलात लाल मिरची जरा जास्त झाली की आधी स्वयंपाकघर, मग माजघर, मग ओसरीवरचा पाहुणा, असा क्रमानं खोकायला लागायचा. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली, त्याआधी तिखटाची भिस्त मिऱ्यांवर आणि पिंपळीवर होती. म्हणजे हा ठसका आपल्याकडे पाचेकशे वर्षांचाच. हल्ली खोकल्याचा अभ्यास करणारे लोक प्रयोगशाळेत माणसांना मिरचीतलं कॅप्सायसिन फवाऱ्यानं हुंगवतात आणि किती मात्रेला दोनदा खोकला येतो, किती मात्रेला पाचदा, ते मोजतात. त्यांनी काकूच्या ओसरीवर संध्याकाळी सातच्या सुमाराला वही घेऊन बसायला हवं होतं. मोजून झाल्यावर जेवायलाही वाढलं असतं.