पेपर परत मिळणार का?

4 डिसेंबर 2024 ला देशभर परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववीचं. माझा वर्ग सहावीचा, शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत दुसरा विषयच नव्हता. सराव, सराव आणि सराव. जिल्हा वर आला पाहिजे, असं प्रत्येक बैठकीत बजावलं जायचं. भूगोलाचे तास त्यातच गेले.

सरावाच्या प्रश्नपत्रिका वाटून पाच मिनिटं होत नाहीत तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा पेपर आणून टेबलावर ठेवायचा. प्रत्येक प्रश्नाला दुसरा पर्याय, वरपासून खालपर्यंत. ‘‘अरे, वाचलंस तरी का?’’

‘‘बाई, हे मार्क प्रगतिपुस्तकात येणारेत का?’’

उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि खरं उत्तर ‘नाही’ असंच होतं. हे सर्वेक्षण निवडक मुलांवरून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र काढतं. मुलाच्या नावाने निकाल येत नाही, पेपरही परत येत नाही. मग त्याने जीव तोडून का लिहावं? ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, ती ऊसतोड कामगारांची मुलं तर डिसेंबरात आईबापांबरोबर कारखान्यावर असतात. त्यांची नोंद त्या चित्रात कशी व्हायची?

नापास करणं बंद झालं म्हणून मुलं बेफिकीर झाली, असं गावात सगळे म्हणतात. पण 2023 मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. ती देऊनच ही मुलं माझ्याकडे आली आहेत, आणि बेफिकिरी तीच आहे. भीतीने मुलं पाठ करतात. प्रश्नाशी झटापट करायला ती भीती उपयोगी पडत नाही.

तरी चाचण्याच नकोत, असं मी म्हणणार नाही. चार मुलांनी हात वर केले की वर्गाला समजलं, असं कोणत्याही शिक्षकाला वाटतं. कागद तसं वाटू देत नाही. राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे पेपर मात्र आम्हीच तपासतो. तिच्या गणिताच्या तयारीसाठी घेतलेल्या एका पेपरात विचारलं होतं, 0.45 मोठी की 0.5? निम्म्याहून अधिक वर्गाने 0.45 लिहिलं. ही बेफिकिरी नव्हे. पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे, हे मुलांनी पक्कं धरलं होतं. पूर्ण संख्यांपुरतं ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात दिले आणि मीटरपट्टी काढली. 0.5 मीटर म्हणजे किती सेंटिमीटर? पन्नास. आणि 0.45? वर्ग क्षणभर गप्प झाला, मग एकदम गलका. तेवढ्यात मागच्या बाकावरून तोच मुलगा उठला. ‘‘बाई, मग 0.500 लिहिलं तर अजून मोठं होईल का?’’ मी उत्तर दिलं नाही. मुलं पट्टीवर बोटं ठेवून एकमेकांशी भांडत राहिली. तो मुलगा फळ्यापाशी आला, त्याने पाच दशांश, पन्नास शतांश, पाचशे सहस्रांश असं एकाखाली एक लिहिलं आणि स्वतःच म्हणाला, ‘‘एवढंच राहतंय.’’

त्याला गणिताची नावड नव्हती. कोणी वाचणारच नसेल, तर लिहिण्याची नावड होती.

चाचणी झाल्यावर आम्हाला संदेश येतात ते गुण भरले का, एवढंच विचारणारे. चॅटबॉटवर आकडे भरायचे, मुदत पाळायची. 0.45 चं पुढे काय केलं, हे विचारायला कोणाला सवड नसते, आणि तपासलेले गठ्ठे कपाटात जातात. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मी लेखी मागणी दिली आहे: गुण भरण्याची मुदत आठवडाभर पुढे न्या आणि त्या आठवड्यात पेपर मुलांच्या हातात देऊन त्यावर तास घेणं सक्तीचं करा. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या परिषदेत पुन्हा विचारणार आहे.