ठेच लागलेला

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीत माणसं दोन आहेत, पण म्हण सगळी मागच्याच्या बाजूची. पुढच्याचं नख उचकटलं असेल, रक्त आलं असेल, त्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. हल्ली ही म्हण डोक्यातून हलत नाही. आमच्या शिरगावात अजून शेजारधर्म आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, बघायला माणसं येतात, शहाळी-मोसंबी ठेवतात, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, तुम्ही आयुष्य पाहिलंय, आम्हाला काहीतरी सांगा." अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. केमो आता बंद आहे. कळ आली की ते चादरीची कड मुठीत घट्ट धरतात. विचारणारा उत्तरासाठी थांबलेला असतो.

ठेच लागलेला माणूस 'आई गं' म्हणतो, आणखी काय म्हणणार? मागच्याला शहाणं करावं म्हणून तो काही बोलत नसतो. मागचाच दगड बघतो आणि पाय उचलतो. त्यासाठीही त्याला अगदी मागोमाग चालावं लागतं, बांधावरून चालतात तसं. दोन शेतं मागे राहिलेल्याला दगडही दिसत नाही आणि रक्तही. बरं, शहाणा झाल्यावर तो पुढच्याला खांदा देतो की वळसा घालून निघून जातो? आणि ज्या दगडाला वळसाच नाही, तिथे शहाणं होणं म्हणजे काय?

मरणाच्या दारातल्या माणसाकडून ऐकायची आपली सवय जुनी आहे. महाभारतातल्या शांतिपर्वाचा आणि अनुशासनपर्वाचा बहुतेक भाग भीष्मांच्या शरशय्येपाशीच घडतो. आपल्या लक्षात उपदेश राहतो. त्याच्या आधीचं विसरलं जातं. कृष्ण सांगतो, युधिष्ठिराला धर्म सांगा. भीष्म म्हणतात, बाणांच्या वेदनेने मन ठिकाणावर नाही, वाचा चालत नाही. तेव्हा कृष्ण आधी त्यांची वेदना, दाह, ग्लानी, तहानभूक दूर करतो. राजधर्म त्यानंतर. ही जागा मला सगळ्या उपदेशाहून मोलाची वाटते. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर वेदना शमवणारं मॉर्फिन मिळवणं इतकं जिकिरीचं झालं, की २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्या मधल्या वर्षांत किती माणसं कळवळत गेली असतील, आणि त्यांच्याही उशाशी कुणी 'काहीतरी सांगा' म्हणत बसलं असेल.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मात्र मनात या सगळ्याच्या आड येतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे व्यसनातून सुटलेले जुने रुग्ण नव्यांना सावरतात. म्हणीतला पुढचा माणूस तिथे मागे वळून हात देतो. अनिताताई स्वतः कॅन्सरशी झुंजत हे काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. म्हणजे सांगता येतं, देता येतं. पण व्यसनातून सुटलेला ठेचेच्या पलीकडून बोलतो. अण्णा अजून ठेचेतच आहेत. त्यांच्यापाशी आयुष्याबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे, ते आजाराआधीही होतंच की. तेव्हा कुणी विचारलं नाही.

परवा दुपारी, गोळीने जरा उतार पडल्यावर, अण्णा आपणहून बोलले. नातवाला कानस कशी धरायची ते सांगत होते. पुढे नेताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायची, नाहीतर दाते जातात. दोन्ही हात हवेत, आणि खांद्यापासूनची ती सरळ चाल. नातू कॉम्प्युटर शिकतोय. तो कधी कानस हातात धरणार नाही. पण त्याने मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं आणि मधेच विचारलं, "पितळेला पण असंच?" अण्णा खुलले. म्हणाले, पितळेला नवी कानस, लोखंडावर झिजलेली तिथे घसरते.

हे पाहिल्यावर वाटलं, आता त्या 'काहीतरी सांगा' वाल्यांना दारातच गोड बोलून परतवावं. संध्याकाळी अण्णांनीच विचारलं, "रविवारी आले होते ते परत कधी येणारेत?" त्यांना ते यायला हवेत की नकोत, हे आवाजावरून मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, फोन करून विचारतो. फोन अजून केलेला नाही. केला तर त्यांना या म्हणायचं की नका म्हणायचं, तेच ठरत नाही.