कारंज्याच्या घरासाठी मोडेम

जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, झाला राउटर तयार. लाइट गेली तर बॅटरी आहेच. इथवर सगळं सोप्पं. खरी गोची मोडेमची.

कारंज्याला (लाड, जि. वाशीम) आमच्या गल्लीत फायबर आलेलं नाही, म्हणजे फोर-जी. ऑफिसने महिन्यातले दहा दिवस घरून काम मंजूर केलंय, पण व्हीपीएन टिकलं तरच. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला ते दहा दिवस हवेच आहेत.

तर मंडळी, यूएसबी डोंगल दोन जातींचे. एक स्वतःच छोटा राउटर असतो. लिनक्सला तो नुसतं नेटवर्क कार्ड वाटतो, म्हणजे राउटरमागे राउटर! दुसरा खरा मोडेम. तो क्यूएमआय बोलतो, आणि त्याचा ड्रायव्हर २०१२ पासून कर्नलमध्येच आहे. मी या जातीतलं क्वेक्टेल ईसी२५ कार्ड घेतलं. सिमची खाच असलेलं अडॅप्टर वेगळं. यात मेख एकच, शेवटचं अक्षर बघा. 'ए' अमेरिकेसाठी. आपले ३, ५, ४० हे बँड 'ई'मध्ये आहेत. त्यातला ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, जाड भिंतींतून त्यातल्या त्यात बरा शिरतो. आमच्या जुन्या घराला तोच हवा.

आई विचारते, "मंग आता किती दिवस राहशीन?"

सोमवारचा कॉल टिकू दे, मग सांगतो.