लोणावळ्याची मंगळवारची माणसे

शनिवार-रविवारचे लोणावळे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणारी मुले, मक्याची कणसे, परतताना हातात चिक्कीचे पुडे. पण एखाद्या मंगळवारी तेथे जाऊन पाहावे. हॉटेलच्या दारात आरामगाडी थांबते, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवलेली चाळीस-पन्नास माणसे उतरतात आणि समोरच्या डोंगराकडे पाठ करून सभागृहात शिरतात. आत पडदे ओढलेले असतात. कारण भिंतीवर आकडे दाखवायचे असतात!

ही माणसे हौसेने आलेली नसतात. कंपनीने आणलेली असतात. त्यांनी कोठे उतरायचे, हे ठरविण्याचे आता एक शास्त्रच झाले आहे. आपल्या घरी लग्नासाठी कार्यालय पाहतात, त्याचाच हा थोरला भाऊ. कंपनीचा प्रवास-विभाग किंवा त्याने नेमलेला मध्यस्थ चार-सहा हॉटेलांना एकच मागणीपत्र धाडतो. खोल्या किती, प्रत्येकाला स्वतंत्र की दोघांत एक, जैन जेवण किती जणांना, वीज गेली तर जनरेटर आहे काय, आणि बेत फिसकटला तर कोणत्या तारखेपर्यंत पैसे परत. बसण्याची तऱ्हाही कळवावी लागते. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर शंभर माणसे मावणाऱ्या दालनात वर्गासारखी मेजे घातली, की जेमतेम निम्मीच बसतात. हे आधी न विचारणारा चिटणीस ऐन वेळी फजीत पावतो.

मग लोणावळेच का? एक तर ते मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर ते आणखी जवळ आले. दुसरे, आठवड्याच्या मध्यास खोल्या रिकाम्या, म्हणून भावात घासाघीस करता येते. तिसरे कारण कराचे. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आला. हॉटेल ज्या राज्यात, त्या राज्याचा कर. मुंबईच्या कंपनीची नोंदणी गोव्यात नसेल, तर तेथल्या सभागृहावर भरलेल्या कराची वजावट तिला मिळत नाही. लोणावळ्यात ती मिळू शकते. हिशेबनिसाच्या वहीत पुष्कळदा समुद्र हरतो आणि घाट जिंकतो तो असा.

तसा व्यापाऱ्यांना हा घाट नवा नाही. जवळच कार्ल्याच्या लेण्यांत दूर वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा दानलेख सुमारे दोन हजार वर्षे उभा आहे.

मंगळवारच्या या माणसांवर वाढप्यांचा, धोब्याचा, भाजीवाल्याचा पुढचा आठवडा अवलंबून असतो. म्हणून हॉटेलवाला भाव खाली आणतो. आणि कंपनी आणखी खाली मागते. इथवर हा बाजाराचा रिवाज झाला. पण एका रात्रीच्या खोल्या वाचविण्यासाठी दिवसभर शिणलेल्या माणसांना जेवण उरकताच पावसाळी रात्री घाट उतरायला लावणे, ही काटकसर नव्हे. भाव ठरविणारा त्या गाडीत बसलेला नसतो. बसतो तो आपला मुलगा, आपली सून, आणि पहाटेपासून जागा असलेला ड्रायव्हर. मागणीपत्रात इतके रकाने आहेत, त्यांत परतीच्या वेळेचा एक रकाना घालावा. त्याला कागद फारसा लागणार नाही, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना झोप लागेल.